एव्हिएशन ह्युमन फॅक्टर्समध्ये एमएस्सी करावी का? (अनुभव, खर्च आणि थोडी भडास)

हँगरवाला

गेल्या महिन्यात इथल्याच एका धाग्यावर मी सहज लिहून गेलो की मी ह्युमन फॅक्टर्समध्ये एमएस्सी केली आहे. त्यानंतर व्यनितून (खाजगी निरोपातून) अकरा जणांनी विचारणा केली. त्यातल्या चौघांना हे एचआरचं काहीतरी असावं असं वाटलं होतं. तसं नाही. काम करताना माणूस कसा आणि का चुकतो, याचा हा अभ्यास. प्रत्येकाला वेगळं उत्तर टंकण्यापेक्षा धागाच काढतो.

मी मूळचा एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंता. नागपूरचा. नऊ वर्षं लाइनवर काढली, त्यातली निम्म्याहून जास्त रात्रपाळीत. आमच्या परवान्याच्या परीक्षेत मॉड्यूल ९ असतं ते ह्युमन फॅक्टर्सचं. सगळ्यांनी तो 'सोपा पेपर' म्हणून दोन दिवसांत उरकलेला. पर्याय निवडायचे, पंच्याहत्तर टक्के पाहिजेत, आणि अडलं की 'वरील सर्व'. त्यातलं डर्टी डझन तोंडपाठ होतं. थकवा, ताण, घाई, संवादाचा अभाव अशी चुकांची बारा कारणं, कॅनडातल्या गॉर्डन ड्युपाँ यांनी १९९३ मध्ये मांडलेली. हँगरच्या भिंतीवर त्याची पोस्टरं होती. 'थकवा'च्या पोस्टरखाली चहाचा थर्मास ठेवलेला असायचा. आमच्याकडे थकव्यावर तेवढाच इलाज.

मग ती रात्र आली. पावसाळा, त्या पाळीतलं तिसरं विमान, इंजिनाचा स्टार्टर व्हॉल्व्ह बदलायचा होता. काउल (इंजिनावरची झाकणं) उघडे, तिरपी झड आत येतेय, डोक्याला हेडलॅम्प. पावणेपाचला काम संपलं. टूलबॉक्स मोजला, फॉर्मवर टिक केली, टेक लॉगवर सही केली. सव्वासहाला विमान गेलं. साडेसातला दिवसपाळीच्या पोराने टूलबॉक्सचा तिसरा खण ओढला, तर फोममध्ये पाव इंची रॅचेटच्या (एक प्रकारच्या पान्याच्या) आकाराचा खड्डा आणि खड्डा रिकामा. विमान तोवर दिल्लीच्या वाटेवर. तिथे उतरल्यावर काउल उघडून अडीच तास शोधाशोध, पुढच्या फेरीचे प्रवासी खोळंबलेले.

चौकशी झाली. चौकशी म्हणजे एका खोलीत टेबलापलीकडे तिघं आणि अलीकडे मी. "मोजलंस का?" "मोजलं." "मग?" यावर मला उत्तर नव्हतं. मेमो मिळाला, त्याचं शेवटचं वाक्य अजून पाठ आहे: 'यापुढे अधिक काळजी घ्यावी.' ती माझी सलग पाचवी रात्र होती हे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मला झोंबलं ते वेगळंच. मी काळजी घेतलीच होती! निष्काळजीपणा केला असता तर मेमो मुकाट्याने गिळला असता.

दीड वर्षाने मी इंग्लंडमध्ये क्रॅनफिल्डला होतो. बेडफर्डशरमध्ये गावाबाहेर असलेलं हे विद्यापीठ, १९४६ मध्ये विमानशास्त्राचं कॉलेज म्हणून सुरू झालेलं. इथे फक्त पदव्युत्तर विद्यार्थी घेतात. विद्यापीठाची स्वतःची धावपट्टी आहे. वर्गात बसल्या बसल्या छोट्या विमानांचा आवाज येतो. बाकी चहूकडे शेतं.

सुरुवातीच्याच एका गटचर्चेत हातात पडला तो १९९० च्या जूनमधला ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० या उड्डाणाचा अहवाल. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेलं विमान, सतरा हजार फुटांवर कॅप्टनसमोरची काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. केबिन क्रूने पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं, कॅप्टन वाचले. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला रस होता तो आदल्या रात्रीत.

काच सत्तावीस तासांपूर्वी बदलली होती. ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट किंचित कमी जाडीचे बसले. बसवणारा माणूस शिफ्टचा मॅनेजर, अनुभवी. माणसं कमी होती म्हणून काम स्वतः अंगावर घेतलेलं, वेळ पहाटे तीन ते पाच. जुना बोल्ट हातात घेऊन तो नवे बोल्ट शोधायला गेला. स्टोअरमधल्या माणसाने बरोबर नंबर सांगितला होता. पण काढलेले जुने बोल्ट वेगळ्या नंबरचे होते आणि तेच वर्षानुवर्षं टिकले होते, मग तेच हवेत असं त्याला वाटलं. तेवढे तिथे नव्हते. म्हणून तो दुसऱ्या ठिकाणच्या, नीट उजेड नसलेल्या रॅकपाशी गेला आणि बोल्टाशी बोल्ट ताडून बघत मूठभर उचलले. वाचायचा चष्मा लावलेला नव्हता. बोल्ट घट्ट करताना पायाखालचा मचाण अशा जागी होता की हात लांबवून, अंग वाकवून काम करावं लागलं. बोल्टाचं डोकं खाचेत जास्त खोल गेलंय हे दिसण्यासारखं नव्हतं. आणि दुसऱ्या कोणी तपासावं असा नियम या कामाला लागूच नव्हता.

मी तो अहवाल त्या रात्री तीनदा वाचला. त्या माणसाला काय दिसत होतं, हातात काय होतं, डोक्यात काय होतं, हे कोणीतरी बसून शोधलं होतं. मचाणाची जागासुद्धा! माझ्या चौकशीत तर पाऊस पडत होता का, एवढंही कोणी विचारलं नव्हतं.

अभ्यासक्रमाचं थोडक्यात: माणसाचं लक्ष, स्मरण, निर्णय यांचं मानसशास्त्र, कॉकपिट आणि उपकरणांची रचना, अपघाताचा तपास, सुरक्षा व्यवस्थापन, आणि संख्याशास्त्र, ज्याने मला रडवलं. शेवटी प्रबंध. माझा विषय होता पाळी बदलताना होणारं कामाचं हस्तांतरण. प्रश्न विचारा, जमेल तसं लिहितो.

पावभाजी_एक्स्ट्रा_बटर

वाखूसा (वाचनखूण साठवली). एक बाळबोध प्रश्न. विमान टेकल्या टेकल्या सगळे उभे राहून बॅगा का काढतात, याच्यावर एमएस्सी करता येईल का?

हँगरवाला

चेष्टेत विचारलंय, पण क्रॅनफिल्डमध्ये याच्या सख्ख्या चुलतभावावर काम झालंय. १९८५ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टरला धावपट्टीवरच एका ७३७ ला आग लागली. विमान हवेत गेलंच नव्हतं, तरी ५५ माणसं गेली, बहुतेक धुराने. दारापाशी आणि पंखावरच्या छोट्या दरवाज्यापाशी माणसं अडकली. मग प्रश्न आला की चाचण्यांमध्ये विमान नव्वद सेकंदांत रिकामं होतं, तर खऱ्या आगीत का नाही?

प्राध्यापिका हेलन म्युअर यांनी जुनं ट्रायडंट विमान घेतलं, स्वयंसेवक बसवले आणि जाहीर केलं की पहिल्या अर्ध्यांत जे बाहेर पडतील त्यांना पाच पौंड जास्त. बास. एवढ्यावर शिस्तीत उतरणारे लोक सीटवरून उड्या मारायला लागले, दारात एकमेकांत रुतून बसले. पाच पौंडांसाठी! पंखावरच्या दरवाज्याशेजारच्या रांगेत आज पाय पसरायला जागा मिळते आणि त्यासाठी विमान कंपनी जादा पैसे मागते, त्यामागे हा सगळा प्रकार आहे.

पावभाजी_एक्स्ट्रा_बटर

दादर स्टेशनवर हा प्रयोग रोज फुकटात होतो.

डावीसीट

धागा चांगला आहे, पण थोडं कडू लिहितो. मी एकवीस वर्षं उडतोय. दरवर्षी सीआरएमचा (कॉकपिटमधल्या माणसांनी मिळून काम कसं करायचं याचा) रिफ्रेशर असतो आणि दरवर्षी तीच टेनेरीफची स्लाइड. १९७७, दोन जंबोंची टक्कर, ५८३ मृत्यू, केएलएमचा कॅप्टन घाईत होता, धन्यवाद, जेवायला चला. हे शिकवणारा माणूस कधी रात्री दोनला मुसळधार पावसात मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरलेला नसतो. एमएस्सी करून अजून एक स्लाइड वाचणारा तयार होणार, असं माझं मत. चूक असेल तर सांगा.

हँगरवाला

कॅप्टनसाहेब, स्लाइडबद्दल शंभर टक्के सहमत. टेनेरीफ असं शिकवतात की ऐकणाऱ्याला वाटावं, 'तो कॅप्टन मूर्ख होता, मी नाही'. तो मूर्ख नव्हता. केएलएममधला सगळ्यांत मानाचा प्रशिक्षक होता, कंपनीच्या जाहिरातीत त्याचा फोटो होता. खरी गोची तिथेच आहे. अशा माणसाला शेजारी बसलेल्या कनिष्ठाने 'थांबा' कसं म्हणायचं?

एक उदाहरण आपल्याकडचं घेऊ. मंगळूर, २२ मे २०१०, १५८ मृत्यू. दुबईहून रात्रभर उडत आलेलं विमान, पहाटे सहाच्या सुमारास उतरत होतं. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगवर कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज आहे. जागे झाल्यावर डोकं पूर्ण ताळ्यावर यायला वेळ लागतो, त्या अवस्थेत ते उतरत होते, विमान खूप उंच होतं. सहवैमानिकाने 'गो अराउंड' (उतरू नका, परत वर चला) म्हटलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पण कंट्रोल स्वतःच्या हातात घेतला नाही.

डावीसीट

मंगळूर आम्हीही वाचलंय. आणि कोझिकोड? ७ ऑगस्ट २०२०, विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं. कॅप्टन साठ्यांना ओळखणारे इथे काही जण असतील, म्हणून जपून लिहा एवढीच विनंती. एनडीएचा माणूस, हवाई दलातला टेस्ट पायलट. 'पायलट एरर' हे दोन शब्द वाचून आमच्या बॅचच्या ग्रुपवर दोन दिवस कोणी बोललं नव्हतं.

हँगरवाला

जपूनच लिहितो. अहवालाने संभाव्य कारण दिलं ते असं: अप्रोच (उतरण्यासाठी खाली येणं) स्थिर नसताना तो चालू ठेवला आणि विमान धावपट्टीवर बरंच पुढे टेकलं. सहवैमानिकाचा 'गो अराउंड' इथेही होता. बातम्या तिथे संपल्या. पण त्याच अहवालात पुढे आहे की दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी त्यांनाच न्यायची होती आणि कोझिकोडला पुरेसे कॅप्टन ठेवलेले नव्हते. पहिल्या प्रयत्नात पावसात कॅप्टनच्या बाजूच्या वायपरने दगा दिला होता, हेही आहे. म्हणजे त्या रात्री त्या सीटवर बसलेल्या माणसाच्या पाठीवर रोस्टर बनवणारं ऑफिस बसलं होतं. हे लिहिल्याने त्यांची चूक पुसली जात नाही. पण पुढच्या कॅप्टनला नुसतं 'काळजी घ्या' म्हणून भागणार नाही, एवढं तरी कळतं.

निवृत्त_टॉवर

मी मुंबईत एटीसीत (हवाई वाहतूक नियंत्रणात) होतो, आता निवृत्त. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मी वांद्र्याला मामाकडे होतो, कॉलेजात होतो तेव्हा. साडेआठ वाजून गेले होते, समुद्राकडे माणसं धावत होती. एअर इंडियाचं 'सम्राट अशोक', आपलं पहिलं जंबो, उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत समुद्रात पडलं. २१३ माणसं.

पुढे नोकरीत आल्यावर समजलं काय झालं ते. कॅप्टनच्या समोरचं विमानाचा कल दाखवणारं उपकरण अडकलं आणि विमान उजवीकडे कललंय असंच दाखवत राहिलं. विमान सरळ होतं. ते डावीकडे वळवत गेले, वळवत गेले. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, क्षितिज नाही. कानातला तोल अशा वेळी काही सांगत नाही, किंवा खोटं सांगतो. शेजारच्याचं उपकरण आणि तिसरं राखीव उपकरण ठीक होतं. फ्लाइट इंजिनिअरने तिकडे बोट दाखवायचा प्रयत्नही केला. पण डोळ्यांसमोरचं खोटं आहे हे मानायला मेंदूला जो वेळ लागतो, तेवढा वेळ नव्हता.

हँगरवाले, तुमच्या विषयात कंट्रोलरला जागा आहे का? आम्हाला कोणी विचारत नाही. चरखी दादरी झाली, १२ नोव्हेंबर १९९६, दोन विमानांची हवेत टक्कर, ३४९ माणसं गेली, तेव्हा पहिले दोन दिवस सगळ्यांची बोटं टॉवरकडे. कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली गेलं होतं, इंग्रजीची अडचण होती, हे नंतर.

हँगरवाला

काका, आहे, आणि मानाची जागा आहे. माझ्या वर्गात दोन कंट्रोलर होते, पोर्तुगालचा एक आणि कोरियाची एक. पोझिशन दुसऱ्याकडे देताना तुम्ही लोक जे करता (बसलेला आणि येणारा शेजारी शेजारी थोडा वेळ ट्रॅफिक बघतात, मग सोडायचं) ते मी प्रबंधात देखभालीच्या बाजूला आणायचा प्रयत्न केला. आमच्याकडे हस्तांतरण म्हणजे जाणारा बाइकला किक मारता मारता सांगतो, 'दोन नंबरच्या बेवर (विमान उभं करायच्या जागेवर) काउल उघडाच आहे, बघून घे रे.'

निळीशाई

नमस्कार. मी पुण्यात मानसशास्त्रात एमए करतेय, शेवटचं वर्ष. विमानात आयुष्यात तीनदा बसलेय. मला प्रवेश मिळेल का? आणि मिळाला तरी पायलट-इंजिनिअर लोकांत माझं हसं होईल का? आईचं म्हणणं, "क्लिनिकल कर, निदान लोकांना कळतं तरी तू काय करतेस."

हँगरवाला

ताई, प्रवेश मिळतो, आणि हसं तर आमचं झालं. चाचणीचे निकाल समोर आले की आम्ही इंजिनिअर एकमेकांकडे बघायचो आणि मानसशास्त्राच्या मुली पटापट सांगायच्या कुठली तुलना चालेल, कुठली नाही.

हा विषय मुळात तुमच्याच लोकांनी काढलाय. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर उतरल्यावर वैमानिक फ्लॅपऐवजी (पंखाच्या मागच्या हलत्या पट्ट्यांऐवजी) चाकं आत घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. सगळे म्हणत होते, पायलट बेसावध. १९४३ मध्ये अल्फोन्स चपॅनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने बघितलं की दोन्ही स्विच शेजारी शेजारी आणि दिसायला जुळे. एकाला चाकासारखा रबरी तुकडा लावला, दुसऱ्याला पाचरीसारखा. हाताला अंधारातही फरक कळायला लागला. आजही चाकांच्या लिव्हरला चाकाचाच आकार असतो, कधी कॉकपिट बघायला मिळालं तर बघा. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थने रडारसमोर बसणाऱ्यांसाठी एक घड्याळ केलं होतं. काटा टिक टिक पुढे सरकतो आणि क्वचित एकदम दोन घरं उडी मारतो. ती उडी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच माणसं उड्या चुकवायला लागतात, भले कितीही इमानी असोत. हे १९४८ चं. आमच्याकडे आजही लोकांना वाटतं की नजर ठेवणं हा चारित्र्याचा प्रश्न आहे.

आईंना सांगायला एक वाक्य: "विमान पाडणाऱ्या चुका शोधते." खोटं नाही आणि शेजारणीला सांगता येतं.

डॉ_भूल

मी भूलतज्ज्ञ. आमच्या शाखेने विमानवाल्यांकडून खूप उचललंय. २००५ मध्ये इंग्लंडमध्ये एलेन ब्रॉमिली या बाई सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेत गेल्या. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाईना. तीन अनुभवी डॉक्टर नळी घालायचाच प्रयत्न करत राहिले, वेळेचं भान सुटलं. परिचारिकांनी गळ्यातून मार्ग करायचं सामान आणून ठेवलं होतं, पण ठासून बोलणं कोणाला जमलं नाही. त्यांचे पती पायलट होते. ते डॉक्टरांवर तुटून पडले नाहीत. आमच्या व्यवसायात असा तपास का होत नाही, असं विचारत त्यांनी वैद्यकीय ह्युमन फॅक्टर्सचा गट उभा केला.

आमच्या ओटीत आता नवीन सिस्टरला मी पहिल्याच दिवशी सांगतो, मला 'डॉक्टर, थांबा' म्हणायचं. 'सर, जरा बघता का' असं नाही म्हणायचं.

हँगरवाला

डॉक्टर, या 'जरा'वर मला कधीतरी स्वतंत्र लिहायचंय. मराठीत आपण मोठ्यांना थेट काही सांगतच नाही. 'सर, पाऊस जरा वाढलाय, नाही?' याचा अर्थ असतो 'उतरू नका'. 'एकदा बघून घेता का' म्हणजे 'तुम्ही चुकलाय'. ऐकणारा आपल्यातला असेल आणि निवांत असेल तर त्याला कळतं. पहाटे सहाला, झोपेतून उठलेल्याला, ज्याची मातृभाषाच वेगळी त्याला कसं कळणार? इंग्रजीत याला 'सुचवा आणि आशा करा' अशा अर्थाचं नाव आहे. आपल्याकडे त्याला संस्कार म्हणतात.

वर्गात एकदा अभिनय करून दाखवायचा होता. मी कनिष्ठ, समोर नॉर्वेजियन मुलगा कॅप्टन. मी तीनदा सुचवलं. तो शेवटी म्हणाला, तू गप्पा मारत होतास की काही सांगत होतास?

चिकलठाणकर

आमच्या गावचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २६ एप्रिल १९९३, तेव्हाचं औरंगाबाद, चिकलठाणा. इंडियन एअरलाइन्सचं ७३७ उडालं आणि धावपट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला चाक लागलं. ११८ पैकी ५५ गेले. माझे वडील तेव्हा एमआयडीसीत होते, ते अजून म्हणतात ट्रकवाल्याची चूक. चुलते म्हणतात पायलटची. लग्नकार्यात हा वाद हमखास होतो.

हँगरवाला

चौकशीत दोन्ही आलंय. पायलटने विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं, आणि विमान उडताना त्या रस्त्यावरची वाहतूक अडवायची व्यवस्था नीट नव्हती. वडील आणि चुलते दोघंही अर्धे बरोबर, फक्त ट्रकवाला सुटला. त्याला तरी काय माहीत विमान किती वाजता उडतंय.

संपादक

अहमदाबादच्या अपघातावरचे तीन प्रतिसाद काढले आहेत. १२ जून २०२५ च्या त्या अपघाताच्या प्राथमिक अहवालातल्या एका संवादावरून वैमानिकांच्या मनाचं निदान इथे नको. तपासावर वेगळा धागा आहे.

दूरदेशी

मी दोह्यात विमानतळावर नोकरी करते आणि स्वीडनमधल्या लुंडचं करतेय, ह्युमन फॅक्टर्स अँड सिस्टिम सेफ्टी. नोकरी न सोडता होतं, बरंचसं दुरून, मधूनमधून काही दिवस लुंडला जावं लागतं. सिडनी डेकर यांनी सुरू केलेला अभ्यासक्रम. इथे उपकरणं, डिझाइन असलं कमी आणि वाचन-वादविवाद जास्त. 'मानवी चूक' हा शब्द वापरला की बाई थांबवतात आणि विचारतात, कोणाच्या दृष्टीने चूक? घटना घडल्यानंतर की आधी? पहिले सहा महिने मला वाटलं हे शब्दांचे खेळ आहेत. आता ऑफिसात दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचताना त्रास होतो.

ज्यांना हाताने प्रयोग करायचेत त्यांनी क्रॅनफिल्ड किंवा अमेरिकेत डेटोना बीचचं एम्ब्री-रिडल बघावं. ज्यांचं पोट नोकरीवर आहे त्यांनी लुंड.

निळीशाई

आणि खर्च? आणि भारतात काहीच नाही का?

हँगरवाला

खर्च: फी, राहणं, खाणं, व्हिसा मिळून माझे चाळीस लाखांच्या वर गेले. बाबांनी वाडीचा प्लॉट गहाण टाकला, अजून फेडतोय. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर कामासाठी दोन वर्षं मिळायची. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळेल, तेव्हा हिशोब तसा करा. शिष्यवृत्तीसाठी ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग बघा, त्याला कामाचा अनुभव लागतो. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला कोणी पात्र असेल तर एक खाचखळगा आत्ताच सांगतो: तिथे विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान बघतात आणि क्रॅनफिल्ड फक्त पदव्युत्तर असल्याने त्या नेहमीच्या यादीत दिसतच नाही. माझ्या एका मित्राला हे सगळी कागदपत्रं जमवल्यावर कळलं.

भारतात या नावाची सरळ पदवी शोधू नका, विषय इकडेतिकडे विखुरलाय. बंगळुरूची हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिन संस्था आहे, पण ती डॉक्टरांसाठी. आयआयटी मुंबईचं आयडीसी (तिथलं डिझाइनचं केंद्र) आणि आयआयटी गुवाहाटीचा डिझाइन विभाग इथे अर्गोनॉमिक्स (माणसाला सोयीची साधनं आणि जागा घडवण्याचं शास्त्र) होतं. पवईचं नायटी, आताचं आयआयएम मुंबई, तिथेही या विषयाची जुनी परंपरा. आयआयएससीत कॉकपिटमध्ये वैमानिकाची नजर कुठे जाते यावर काम करणारी प्रयोगशाळा आहे. पीएचडीचा विचार असेल तर मी आधी तिथे बघेन.

नोकरीचं खरं सांगतो. भारतात 'ह्युमन फॅक्टर्स स्पेशालिस्ट' अशी जाहिरात वर्षातून एकदा दिसली तरी मी स्क्रीनशॉट काढतो. एअरलाइनच्या सेफ्टी विभागात जागा असतात, पण पायलटला आधी घेतात. बंगळुरूत हनीवेल, एअरबस, बोइंग यांची अभियांत्रिकी केंद्रं आहेत, डिझाइनच्या बाजूने तिथे शिरता येतं. बाहेर मात्र रेल्वे, अणुऊर्जा, वैद्यकीय उपकरणं सगळीकडे हेच लोक लागतात. माझ्या वर्गातले निम्मे विमानात नाहीतच.

निळीशाई, तुम्हाला माझा सल्ला: आधी वर्षभर कुठेतरी ऑपरेशनच्या जागी नोकरी करा. एटीसीत नाही मिळणार, पण ग्राउंड हँडलिंगमध्ये मिळेल. रात्रपाळी करा. पहाटे चारला स्वतःचं डोकं कसं चालतं ते एकदा बघा, मग सर्कॅडियन लो (शरीराच्या घड्याळाचा सगळ्यांत सुस्त काळ) वाचायला मजा येईल.

डावीसीट

माझा पहिला प्रतिसाद थोडा मागे घेतो. आमच्या विश्रांतीच्या नियमांत डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने) साप्ताहिक सुट्टी ३६ तासांवरून ४८ वर नेली आणि रात्रीची लँडिंगं सहावरून दोनवर आणली, ती कोणाच्या चांगुलपणामुळे नाही आली. झोपेवर कोणीतरी आकडे मांडले म्हणून आली. ते मांडणारे तुमच्यासारखेच असणार. स्लाइडबद्दलचं मत मात्र कायम.

पावभाजी_एक्स्ट्रा_बटर

सगळं वाचलं. पण कोणी मुख्य प्रश्न विचारलाच नाही. रॅचेट सापडला का?

निवृत्त_टॉवर

+१. मीही त्याचीच वाट बघतोय.

हँगरवाला

सापडला. चार दिवसांनी, दुसऱ्या बेच्या टूलबॉक्समध्ये. त्यांचा मोडला होता म्हणून रात्री साडेबाराला एक ट्रेनी माझ्या बॉक्समधून घेऊन गेला. टॅग लावायचा असतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी व्हॉल्व्हला मुळात तीन-अष्टमांशचा वापरला होता, त्यामुळे माझ्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. म्हणजे तो विमानात कधी गेलाच नव्हता. आणि मोजताना तिसऱ्या खणात मी रिकामा खड्डा पाहूनही 'आहे' अशी टिक केली होती, कारण त्या जागी तो रोज असतो.

पावभाजी_एक्स्ट्रा_बटर

आणि मेमो? मागे घेतला?

हँगरवाला

नाही. ट्रेनीलाही एक दिला. शेवटचं वाक्य तेच.